ग्रंथपालाचा कोर्स करताय? आधी पावतीवर काय छापलंय ते वाचा

त्या संस्थेने मला दाखवलेला एकही कागद बनावट नव्हता. आयएसओचं प्रमाणपत्र खरं, उद्यम नोंदणी खरी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही खरा. या खऱ्या कागदांच्या भरवशावर माझे अडतीस हजार रुपये गेले. नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत यंदा जे कोणी शाळेत ग्रंथपाल व्हायचं म्हणून बी.लिब.ची, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीची, चौकशी करत फिरत असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. संस्थेचं नाव देत नाही. प्रकरण तक्रारीत आहे, आणि पाटी बदलायला अशा लोकांना एक रात्र पुरते.

ऑफिस सीताबर्डीत, स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसच्या गर्दीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पोह्यांची गाडी, वर जिन्याला फ्लेक्सच फ्लेक्स. माझं एम.ए. मराठीत झालेलं, लेक लहान, राहायला मानेवाड्याकडे. रोज कॉलेजला जाऊन वर्षभर बी.लिब. करणं जमण्यासारखं नव्हतं. काउन्सेलर मॅडमनी ही अडचण मी सांगायच्या आधीच ओळखली. ‘ताई, तुम्ही कायले टेन्शन घेता? आपला डिप्लोमा सहा महिन्यांचा आहे, बी.लिब.च्या समकक्ष. घरी बसून होऊन जाते. शाळेले चालते.’

सहा महिन्यांची गोष्ट खोटी वाटत नाही, कारण सार्वजनिक वाचनालयांत काम करणाऱ्यांसाठी ग्रंथालय संघांमार्फत चालणारा छोटा प्रमाणपत्र वर्ग खरोखरच असतो. ओळखीतलं कोणी ना कोणी तो केलेलं असतं. यांनी त्या वर्गाची मुदत घेतली, विद्यापीठाच्या पदवीचं नाव घेतलं आणि दोन्हीची मोट बांधली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘एनसीटीईच्या निकषांनुसार’ असंही होतं. एनसीटीई ही शिक्षक-प्रशिक्षणाची परिषद. बी.एड., डी.एल.एड. हे तिचे विषय. ग्रंथालयशास्त्राचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. पण शाळेत नोकरी म्हटलं की हे नाव कानाला बरोबर लागतं.

पैसे एकदम मागितले नाहीत. प्रवेशाचे आठ हजार, मग नोंदणी, मग साहित्य, मग परीक्षा, मग प्रॅक्टिकल, शेवटी ‘व्हेरिफिकेशन’. प्रत्येक वेळी रक्कम अशी की आता एवढ्यासाठी मागे काय फिरायचं. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचं नाव न येता एका माणसाचं नाव यायचं. विचारलं तर ‘सरांचं खातं आहे, संस्थेचं अपडेट सुरू आहे’. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज चोवीस तासांत आपोआप गायब व्हायचे. ‘तुमचा फोन भरू नये म्हणून’ असं सांगितलं होतं. आता वाटतं, किती काळजी ती!

शिकवायला येणारे काका मात्र अस्सल होते. एका शाळेतून निवृत्त झालेले ग्रंथपाल. नवीन पुस्तकांची दाखल नोंदवही कशी लिहायची, पुस्तक रद्द झालं तरी त्याचा दाखल क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला का द्यायचा नाही, शिक्का पहिल्या पानाशिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही का मारायचा, हे सगळं त्यांनी हाताला धरून शिकवलं. एकदा त्यांनी टेबलावर एक मराठी कथासंग्रह ठेवला आणि वर्गांक, म्हणजे कपाटातली जागा ठरवणारा विषयाचा आकडा, काढायला लावला. वर्गातल्या निम्म्या जणींनी ८२३ लिहिला. काका हसले. ‘तो इंग्रजी कथा-कादंबरीचा. ड्युईच्या वर्गीकरणात मराठी साहित्याचं घर ८९१.४६ आहे. आपल्याच पुस्तकाला परक्याच्या कपाटात नका ठेवू, बाई.’ या माणसामुळेच आम्हाला कोर्सबद्दल शंका आली नाही. नंतर कळलं, त्यांचंही मानधन थकवलं होतं.

प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, सोनेरी शिक्का, होलोग्राम. हिंगण्याकडच्या एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपालाची जागा निघाली तेव्हा अर्ज केला. (शाळेतल्या ग्रंथपालाचं पद विद्यार्थिसंख्येवर ठरतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ते अर्धवेळच असतं. ‘पूर्ण पगाराची सरकारी नोकरी’ असं फ्लेक्सवर दिसलं तर तिथूनच परत फिरा.) कागद तपासायला शाळेचे मोठे बाबू बसले होते. त्यांनी प्रमाणपत्र पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खालची बारीक ओळ बोटाने वाचली: भारत सरकारच्या १८६० च्या कायद्यान्वये नोंदणीकृत स्वायत्त संस्था.

‘मॅडम, हा सोसायटी नोंदणीचा कायदा होय. आमचं गणेश मंडळबी याच्यातच नोंदलं आहे. उद्या आम्ही बी.लिब. वाटून राहिलो तर चालन का?’

पुढचं त्यांनी न हसता सांगितलं. पदवी कोण देऊ शकतं, हे १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम २२ मध्ये ठरलेलं आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणीही नाही. दर्पणवर कुठलीही स्वयंसेवी संस्था नोंदणी करते, उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीचीही होते, आणि आयएसओ कारभाराच्या पद्धतीचं मिळतं. यातल्या एकाही कागदाने अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. म्हणजे ‘संस्था नोंदणीकृत आहे का’ हा प्रश्नच अशा संस्थांच्या सोयीचा, कारण त्याचं उत्तर ‘हो’ असतं. विचारायचं ते एवढंच: गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार? यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात नागपूरच्या पत्त्याचंही एक नाव वर्षानुवर्षं आहे. पण मला फसवणाऱ्या संस्थेसारख्या संस्था त्या यादीत सापडत नाहीत, कारण त्या स्वतःला विद्यापीठ म्हणवतच नाहीत.

पैसे परत मागायला गेले तेव्हा खरा डाव कळला. समोरच्याने माझीच पावती माझ्यापुढे धरली. सगळ्या पावत्यांवर एकच मजकूर: ‘मार्गदर्शन व अभ्यास साहित्य शुल्क, ना-परतावा’. ‘आम्ही डिग्री देतो असं कुठं लिहिलं, मॅडम? मार्गदर्शन तर भेटलं ना तुम्हाले?’ वर माझ्या एम.ए.च्या मूळ गुणपत्रिका व्हेरिफिकेशनच्या नावाखाली त्यांच्याकडेच होत्या आणि त्या सोडवायला ‘फाइल क्लोजिंग’चे पाच हजार मागितले. मूळ कागदपत्रं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठ-महाविद्यालयांनाही बजावलेलं आहे. खाजगी ऑफिसला तर तो हक्क कुठून येणार? पोलिसांत लेखी अर्ज देते म्हटल्यावर गुणपत्रिका त्याच संध्याकाळी मिळाल्या. पैसे नाही मिळाले.

याच ऑफिसात दुसरं दुकानही चालतं आणि ते जास्त वाईट आहे. कोर्स संपत आला की निवडक लोकांना बाजूला घेऊन ‘जागा आहे, मान्यताबी काढून देतो’ म्हणतात. आकडा लाखांत. उमरेडकडच्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी दोन लाख टोकन दिलं. अनुदानित शाळेत संस्थेच्या नेमणूकपत्राने पगार सुरू होत नाही. शिक्षण विभागाची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या सरकारी प्रणालीतला क्रमांक, लागतो. २०२५ मध्ये नागपुरात शालार्थ आयडीचा जो घोटाळा उघडकीस आला, त्यात अधिकाऱ्यांनाही अटक झाली. अशा वाटेने मिळालेली नोकरी चौकशीत कधीही जाऊ शकते. ‘पवित्र पोर्टलवरून नाव टाकतो’ असंही कोणी म्हणेल. ते पोर्टल शिक्षकभरतीसाठी आहे.

घरी राहून बी.लिब. करायची सोय खरोखर आहे, हेच जास्त खटकतं. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही आहे. मुक्त किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर दिसतं. २०२४ पासून अशा प्रवेशाला विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी (याच विभागाचा क्रमांक) काढावा लागतो. तो न मागता कोणी ‘डिस्टन्स’चा प्रवेश देत असेल तर तो प्रवेश नव्हेच. फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून विद्यापीठाच्याच खात्यात भरायची. मधल्या माणसाला फ्रँचायझी चालवायची परवानगी नसते.

मी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पोलिसांतला अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, फसवणुकीचा. जिन्यातल्या फ्लेक्सचे फोटो, क्यूआरवर आलेलं नाव आणि सगळ्या पावत्या जोडल्या आहेत. ग्रुपवरचं बोलणं मात्र गायब, आणि ‘समकक्ष’ म्हटल्याचा पुरावा तिथेच होता. आमच्या बॅचमधल्या कोणी वेळीच स्क्रीनशॉट काढून ठेवले असतील तर कृपया माझ्यापर्यंत पोचवा. काकांनी जबाब द्यायला होकार दिला आहे.