बेसन, फेसवॉश की मेडिकलमधली ट्यूब? दहावी-पीयूसीतल्या (अकरावी-बारावीच्या) मुलांच्या चेहऱ्याला काय लावावं

मुलाच्या कपाळावर पुटकुळ्या दिसायला लागल्या की घरात तीन सल्ले येतात. आजी म्हणते, बेसन-हळद लाव. मैत्रीण फेसवॉश आणि सनस्क्रीनचं नाव सांगते. आणि नाक्यावरच्या मेडिकलमधून कुणीतरी एक ट्यूब आणतं, ‘आठ दिवसांत फरक पडतो’ म्हणून. पहिल्या दोन्हींत डावं-उजवं करता येतं. तिसरीच्या वाटेला जाऊ नये.

बेसनापासून सुरुवात करू, कारण ते घरात असतंच. पुटकुळ्या नसतील तर आठवड्यातून एकदा दोन चमचे बेसन पाण्यात कालवून लावायला हरकत नाही. पाचएक मिनिटांनी, ओलं असतानाच भरपूर पाण्यानं धुवावं. चूक होते ती पुढे: लेप कडक वाळू देतात आणि चोळून काढतात. त्या चोळण्यानं पुटकुळ्या फुटतात आणि मागे काळे डाग राहतात. पुटकुळी आठवड्यात जाते, डाग मात्र महिनोन् महिने हटत नाही. मुलतानी माती तेल शोषते, पण बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-रायबागकडच्या कोरड्या थंडीत तिनं गाल तडतडतात. लिंबू तर नकोच. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास, लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास. वर ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात. टूथपेस्टही चेहऱ्याला लावायची वस्तू नव्हे.

आता फेसवॉशची वाट. अंगाच्या साबणाचा पीएच साधारण ९ ते १० असतो, म्हणून चेहरा ओढल्यासारखा वाटतो. बोअरच्या जड पाण्यात त्याचा फेस येत नाही आणि क्षारांशी मिळून त्याचा थर त्वचेवर बसतो. साबणविरहित सौम्य फेसवॉशनं तो थर बसत नाही, म्हणून जिथे बोअरचंच पाणी आहे तिथे साबण बदलल्यानेच पहिला फरक जाणवतो. सकाळी आणि रात्री, वाटाण्याएवढा घेऊन अर्धा मिनिट बोटांच्या टोकांनी फिरवावा, कोमट किंवा साध्या पाण्यानं धुवावा, टॉवेलनं टिपावा, घासू नये. खेळून आल्यावर तिसऱ्यांदा नुसतं पाणी पुरे. दिवसातून पाच वेळा धुतलं तर त्वचा कोरडी पडून चुरचुरते, आणि मग त्यावर कुठलंच औषध सोसत नाही. चेहरा तेलकट असेल तर १ ते २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश घ्यावा, कोरडा असेल तर घेऊ नये.

मॉइश्चरायझरबद्दल फार लिहायला नको. खानापूरच्या पावसाळ्यात हलकं जेल, अथणीच्या थंडीत क्रीम. ट्यूबवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं असावं आणि वास नसलेलं उत्तम.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++ (हे दोन्ही उन्हापासून बचावाचे आकडे-खुणा ट्यूबवरच छापलेल्या असतात). तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, एवढं चेहरा आणि मानेला लागतं. बहुतेक मुलं याच्या निम्मंही लावत नाहीत, मग ‘उपयोग नाही’ म्हणतात. मैदानावर असतील तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं. धो-धो पावसात छत्रीतून वर्गात जाऊन दिवसभर आतच बसणाऱ्या मुलानं एखादा दिवस चुकवला तर आम्ही रागावणार नाही.

एवढं करूनही पुटकुळ्या येतच असतील तर औषध लागतं. बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल २.५ टक्क्यांचंच मागावं. ५ आणि १० टक्क्यांनी गुण जवळजवळ तेवढाच येतो, जळजळ मात्र वाढते. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, आणि एकेका पुटकुळीवर टिंब न ठेवता त्या सगळ्या भागावर पातळ थर. उशीचा अभ्रा पांढरा वापरावा. रंगीत कापडाचा रंग हे जेल उडवतं. ॲडापलीन ०.१ टक्का हे पुटकुळ्यांवरचं दुसरं औषध मात्र डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. त्यानं सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत पुटकुळ्या थोड्या वाढू शकतात, आणि सनस्क्रीन चुकवून चालत नाही. दोन्हींचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. सातव्या-आठव्या दिवशी धीर सुटतो, आणि तिथेच ती तिसरी ट्यूब घरात शिरते.

ती ट्यूब उलटून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि रंगद्रव्य दाबतं, म्हणून लाली उतरते, चेहरा उजळतो आणि घरचे खूश होतात. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसतात, उन्हात आग होते, बारीक लव वाढते आणि एकसारख्या लाल पुटकुळ्यांचं पीक येतं. लावणं थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून मूल पुन्हा तीच ट्यूब उचलतं. नायट्यावर लावली तर नायटा पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती आजही गल्लीत सहज मिळतात. आधीच लावत असाल तर स्वतःच्या मनानं बंद न करता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. एका वेळी १ मिली धरलं तर १०० मिलीचा फेसवॉश दोन वेळच्या वापराला ५० दिवस पुरतो. रोज एकदा लावलं तर ५० ग्रॅमचं सनस्क्रीनही साधारण तेवढंच. दोनच वस्तूंचे पैसे असतील तर पुटकुळ्या असलेल्यानं फेसवॉश आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड घ्यावं, उन्हाला टोपी किंवा ओढणी. पुटकुळ्या नसलेल्यानं फेसवॉश आणि सनस्क्रीन.

पुटकुळ्या फक्त कपाळावर, केसांच्या रेघेलगत असतील तर आधी डोक्याचं तेल बघा. शाळेला जाताना चापून लावलेलं खोबरेल कपाळावर उतरतं. तेल रात्री लावून सकाळी केस धुतले, तर कित्येकदा औषध लागतच नाही.

खोल, दुखणाऱ्या गाठी, खड्डे पडणं, १२ आठवड्यांनीही फरक नसणं, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर जाड केस येणं, यांतलं काहीही असेल तर घरी वाट पाहू नये. बेळगावच्या बिम्स (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.