गार असताना पास, गरम झाला की नापास! फोर्ड मॉडेल ए च्या कंडेन्सरचा अनुभव

काकांची 1930 ची फोर्ड मॉडेल ए आहे, महिन्यातून दोनदा बाहेर निघते. जुना कंडेन्सर (इग्निशनमधला, क्षणभर करंट साठवणारा छोटा भाग) गेला म्हणून ऑनलाईन एका दुकानातून 'ओरिजिनलसारखा' नवा मागवला. पॅकिंग झकास, मल्टिमीटरवर 0.24 मायक्रोफॅरड म्हणजे पाहिजे तेवढाच, आणि पहिल्याच सेल्फला गाडी चालू, आम्ही खूष.

मे महिन्यात कात्रजचा घाट चढायला घेतला आणि निम्म्यावर मिसिंग, सायलेन्सरमधून फटाके, मग बंदच. सगळे म्हणाले पेट्रोल उकळतंय, म्हणून पाईपला ओलं फडकं गुंडाळलं, कार्बोरेटर उघडला, शर्ट काळा करून घेतला... आणि अर्ध्या तासाने गाडी आपोआप चालू, जसं काही झालंच नाही! दुसऱ्यांदा झालं तेव्हा डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) झाकण काढलं तर सीबी पॉईंट, म्हणजे कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळून काळे, आणि उघडताना त्यांच्यातच जाड पिवळी ठिणगी.

पॉईंट उघडले की कॉईलचा (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) करंट क्षणभर कंडेन्सरने घ्यायचा असतो, तरच कॉईलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं आणि प्लगला दणकून स्पार्क मिळतो. बॅटरी 6 व्होल्टचीच, पण त्या क्षणी पॉईंटवर दोन-तीनशे व्होल्ट उभे राहतात. मल्टिमीटर एखाद-दोन व्होल्टवर मोजणार, त्याला काय कळणार?

मग घरी कंडेन्सर पिशवीत घालून कडकडीत पाण्यात बुडवला आणि मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावला. गार असताना काटा टॉपला होता, तो सरळ खाली आला. कापून बघितला तर आत मेण लावलेला कागद आणि फॉईलची गुंडाळी, म्हणजे ओरिजिनलसारखा हे खरंच होतं म्हणा! कागदाचं इन्सुलेशन उष्णतेने झपाट्याने पडतं, आणि मॉडेल ए चा डिस्ट्रिब्युटर उभा इंजिनच्या हेडवरच, त्यामुळे शेकोटी कायम चालू. दुकानदाराचं उत्तर, 'तुमचं वायरिंग चेक करा.' 1 स्टार, तोही पॅकिंगचा.

आता दुसरीकडून पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घेतलाय, 105 डिग्रीपर्यंत चालतो असं लिहिलंय, पैसे दुप्पट. गरम पाण्यात काटा जरा हलला, बस. घाट दोनदा चढलो, पॉईंट स्वच्छ. वायर आखूड दिलीये, जोड मारावा लागला आणि दिसायला जुन्यासारखा नाही, म्हणून 4 स्टार. काकांना तो निळा रंग अजून खटकतोय.