‘फोर-के अपस्केलर’मध्ये निघाली लोखंडाची पट्टी

दिवाळीच्या साफसफाईत आईच्या माळ्यावर माझा जुना व्हिडिओ गेम सापडला. 1996 साली घेतलेला, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी गेमची नक्कल. तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांकडे नक्कलच होती. अस्सल कसा दिसतो ते मी कॉलेजात गेल्यावर फोटोत पाहिलं. अ‍ॅडॅप्टर लावला तर लाल दिवा लागला आणि माझं डोकं तिथेच फिरलं. त्यात दहा वर्षांचा भाचा गेमसोबतची खेळातली बंदूक हातात घेऊन उभा, ‘मामा, ही कशी चालते?’

गेमच्या मागे दोन पिना, पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची. आमच्या टीव्हीला मागे फक्त एचडीएमआय (असं मला वाटत होतं, त्यावर येतोच). शोधता शोधता जुन्या वस्तू विकायच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिसली: ‘रेट्रो गेमसाठी खास फोर-के अपस्केलर, झीरो लॅग, बंदूकही चालणार’. अपस्केलर म्हणजे जुन्या गेमचं चित्र नव्या टीव्हीसाठी मोठं करून देणारा डबा, आणि झीरो लॅग म्हणजे बटण दाबल्यावर उशीर नाही. किंमत 4,200. सोबत व्हिडिओ होता. मोठ्या टीव्हीवर मारिओ पळतोय, चित्र इतकं रेखीव की एकेक चौकोन मोजून घ्यावा.

फोन केला. माणूस गोड बोलला. ‘सर, अ‍ॅपवरून घेतलंत तर कमिशन जातं. डायरेक्ट यूपीआय करा, 3,800 ला देतो.’ चारशे रुपये वाचले म्हणून मी खुशीत पैसे पाठवले. अ‍ॅपच्या बाहेर पैसे गेले की अ‍ॅपवाले हात वर करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चारशे रुपयांपुढे आठवलं नाही, एवढंच.

डबा आला तो चांगला वजनदार. काळा पत्रा, पुढे ‘शार्पनेस’ची गोल खुंटी, निळा दिवा. जोडला, चित्र आलं, आणि आलं तेच धुरकट. लाल रंग शेजारच्या निळ्यात उतरलेला, मारिओ आडवा ताणून जाडजूड. तरी म्हटलं, जुनी वस्तू आहे, चालायचंच. मग भाच्याने मारिओला कासवावर आदळलं. मार बसला की मोठा मारिओ लहान होतो आणि थोडा वेळ लुकलुकतो, आठवतंय? इथे तो लुकलुकलाच नाही. अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या पट्ट्या आल्या, आणि मधेच तो पूर्ण गायब झाला. भाचा म्हणाला, ‘मामा, मेला का?’

विक्रेत्याला फोन लावला.

‘सर, टीव्हीच्या रिमोटवर इन्फो दाबा. काय लिहून येतं?’

‘1080पी.’

‘मग? 480 पण नाही, डायरेक्ट 1080! तुमच्या गेममध्येच फॉल्ट असणार.’

मी गप्प बसलो. अख्ख्या व्यवहारात मी सगळ्यात जास्त फसलो तो इथे. टीव्हीवर येणारा तो रेघांचा आकडा डब्यातून बाहेर काय पडतंय तेवढंच सांगतो, आत काय आलं आणि त्याचं काय केलं याबद्दल काहीच नाही. पिवळ्या पिनेचं एचडीएमआय करून देणारा बाजारातला सगळ्यात स्वस्त कन्व्हर्टरही 1080पी दाखवतो.

खरी भानगड अशी. जुन्या डबा टीव्हीला प्रक्षेपणातून आधी विषम रेघा मिळायच्या, मग सम, आणि दोन्ही मिळून एक चित्र व्हायचं. हे गेम मात्र दर वेळी त्याच साधारण 240 रेघांवर पूर्ण नवं चित्र काढतात, सेकंदाला 50 किंवा 60 वेळा. स्वस्त कन्व्हर्टरला हा फरक कळत नाही. लागोपाठची दोन वेगळी चित्रं तो एकाच चित्राचे दोन अर्धे भाग समजून एकमेकांत विणतो. मारिओ एका चित्रात आहे, पुढच्यात नाही. विणलं की पट्ट्या. अपस्केलर म्हणून जे पैसे मोजायचे ते हा फरक ओळखण्याचेच.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला. खालच्या रबरी पायांमागे चार स्क्रू होते. आत तळहातात मावेल एवढी सर्किटची हिरवी पाटी, तीही डबल टेपने चिकटवलेली. वजनासाठी बोटभर लांब लोखंडाची पट्टी. आणि शार्पनेसची खुंटी मागून मोकळी, एकही वायर नाही! मी दोन दिवस ती खुंटी फिरवत होतो आणि बायकोला विचारत होतो, ‘आता बरं दिसतंय ना?’ ती ‘हो’ म्हणत होती. पाटी घेऊन पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने न विचारताच तसलाच पांढरा कन्व्हर्टर काउंटरवर ठेवला. साडेचारशे.

बंदुकीचं तर तांत्रिकदृष्ट्याच खोटं होतं. बदकं मारायच्या गेममध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड त्याच क्षणी शोधतो. ट्यूबच्या टीव्हीत तो तिथल्या तिथे मिळतो. कन्व्हर्टर आणि एलईडी टीव्ही मिळून इतका उशीर करतात की बंदुकीच्या लेखी नेम चुकलेलाच. त्यामुळे ‘कुठल्याही टीव्हीवर जुनी बंदूक चालते’ असं कोणी म्हटलं की तिथेच फोन ठेवा.

पैसे मागितले तर म्हणे पार्सल फोडतानाचा व्हिडिओ दाखवा. तो नव्हता. मग म्हणे तुम्ही डबा उघडलात, वॉरंटी गेली. मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बिल मागितलं. माझ्याकडे बिल म्हणजे यूपीआयचा एक स्क्रीनशॉट, त्यावर दुकानाऐवजी कुणा बाईचं नाव. ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930 आहे, तिथेही तक्रार टाकली आहे. आशा फारशी नाही.

जाहिरातीतला तो व्हिडिओ मी नंतर शांतपणे पाहिला तेव्हा हसू आलं. पिवळ्या पिनेतून रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळून येतात. तिथून चाकूने कापल्यासारखे चौकोन कुठलाच डबा काढू शकत नाही, महागातला महागही नाही. तो व्हिडिओ एम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर जुना गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याला सांगा: कॅसेट, तार, डबा आणि टीव्ही एकाच सलग शॉटमध्ये दाखव, शेजारी माझ्या नावाची चिठ्ठी ठेव आणि मारिओला मार खायला लाव. रेट्रोटिंकसारखे खरे अपस्केलर आहेत, पण ते या किमतीत येत नाहीत, आणि पिवळी पिन सगळेच घेत नाहीत. ओएसएससी नावाच्या अपस्केलरला तर मुळात आरजीबी किंवा कॉम्पोनंट, म्हणजे रंग वेगवेगळ्या तारांतून आणणारा सिग्नल लागतो.

आणि हो, आमच्या टीव्हीला कडेला हेडफोनसारखं एक भोक आहे, शेजारी बारीक अक्षरात ‘एव्ही’. त्याची वायर शंभर रुपयांना मिळाली. चित्र डब्याइतकंच धुरकट, पण निदान लोखंडाचे पैसे पडले नाहीत.

जाहिरात अजून आहे. व्हिडिओ तोच. फक्त आता ‘फोर-के’च्या जागी ‘एट-के’ लिहिलंय.