ब्रेड मेकर घ्यावा की ओव्हनवरच भागवावं?

घरी यीस्टचा ब्रेड करायला लागलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. ओव्हन घरात असतो, दोन-चार ब्रेड बरे उतरलेले असतात आणि मग कुणीतरी म्हणतं, अरे, एवढा खटाटोप कशाला, यंत्र घे, रात्री सामान टाक, सकाळी ब्रेड तयार. माझ्याकडे दोन्ही आहे. त्यातलं काय ओट्यावर असतं आणि काय फडताळात, ते पुढे कळेलच. पण यंत्रावर अन्याय नको, म्हणून आधी त्याच्याच जमेच्या बाजू सांगतो.

त्याआधी एक खुलासा. ओव्हनच्या बाजूने मी एकच रीत धरतोय: चिमूटभर यीस्ट, भरपूर पाणी, रात्रभर झाकून ठेवलेलं पीठ आणि तापवलेल्या जड भांड्यात झाकण ठेवून भाजणं. हाताने मळून साच्यात भाजलेला ब्रेड या तुलनेत आणलेला नाही. मळायचाच कंटाळा असेल तर तिथे यंत्र सरळ जिंकतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. न मळता होणारा ब्रेड मात्र यंत्रासारखंच ‘कष्ट नकोत’ म्हणत येतो, त्यामुळे खरी जुंपते ती या दोघांत.

मळण्याचं काम यंत्र खरोखर छान करतं. त्यामागे मेहनतही आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, 1987 मध्ये घरगुती ब्रेड मेकर बाजारात आणला, तेव्हा आधी त्यांना मळणंच जमत नव्हतं. ब्रेड बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि कसलेल्या बेकरने मळलेल्या पिठाचे एक्स-रे काढूनही फरक कळेना. शेवटी इकुको तानाका ही त्यांची कर्मचारी ओसाकाच्या एका नावाजलेल्या हॉटेलातल्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तो पीठ नुसतं दाबत नाही, ओढताना पिळतोही, हे तिने हेरलं. मग भांड्याच्या आतल्या बाजूला उंचवटे आले, पात्याचा वेग बदलला आणि काम जमलं. आजही यंत्राच्या भांड्यात हात फिरवलात तर कडेला असा एखादा उंचवटा लागेल. पातं पिठाला फिरवतं, उंचवटा अडवतो, आणि त्या ओढाताणीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला धरून ठेवणारं प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं.

याचा सगळ्यात जास्त फायदा होतो तो दूध, लोणी, अंडं, साखर घातलेल्या मऊ ब्रेडला. असं पीठ चिकट असतं, हाताला सोडत नाही, आणि लोणी नीट मुरेपर्यंत मळत राहायला मनगटं लागतात. यंत्र निमूटपणे करतं. स्लाइस करून सँडविचला वापरायचा मऊ, बारीक जाळीचा लोफ हवा असेल तर झाकणाच्या भांड्यातला ब्रेड त्याच्या जवळपासही जात नाही, हे मान्य करायला हवं. शिवाय एका लोफसाठी अख्खा ओव्हन तापवण्यापेक्षा यंत्राला वीज कमी लागते, उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भट्टी होत नाही, आणि थंडीत पीठ फुगायला ऊबदार कोपरा शोधत फिरावं लागत नाही.

हे सगळं मिळतं ते वजनकाट्यावर मापं घेतलीत तर. वाटीच्या मापाने यंत्र वापरणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक तिथेच सुरू होतात. मळायला लागल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत झाकण उघडून बघावं. गोळा गुळगुळीत, तळाला किंचित चिकटणारा असला तर ठीक, नाहीतर चमचाभर पाणी किंवा पीठ घालून सावरावं. रात्रीचा टायमर लावायचा असेल तर यीस्ट सगळ्यांत वर कोरड्या पिठावर, पाण्यापासून लांब. आणि दूध-अंडी रात्रभर तशीच बाहेर ठेवायची नाहीत, म्हणजे ज्या ब्रेडसाठी यंत्र सर्वांत चांगलं तोच ब्रेड टायमरवर लावता येत नाही. हे मला जरा विनोदीच वाटतं.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत बनवलं तिच्याकडे येतो. ती गोष्ट म्हणजे पातं.

भांड्याच्या तळातून एक दांडा वर आलेला असतो, त्यावर पातं बसतं. मळून झालं की पातं तिथेच राहतं, पीठ त्याच्याभोवती फुगतं आणि त्याच्यासकट भाजलं जातं. भांडं उलटं केलं की दोनपैकी एक काहीतरी होतं. पातं दांड्यावर राहतं आणि ब्रेडच्या बुडाला दोन बोटं खोल भगदाड पडतं, किंवा पातं ब्रेडमध्येच येतं आणि ते कोरून काढावं लागतं. कोरायला धातूचं काही वापरलं तर पात्यावरचा नॉनस्टिक थर खरवडला जातो, म्हणून लाकडी चमच्याचा दांडा घुसवायचा आणि ब्रेड गरम असतानाच उकरायचं. गरम ब्रेड आतून अजून ओलसर असतो, त्यामुळे पात्याबरोबर मऊ गाभ्याचा लचकाही येतो. थांबून गार होऊ द्यावा तर पातं आणखी घट्ट बसतं. मधल्या तीन-चार स्लाइस खालून फाटलेल्या निघतात, त्यांवर काही पसरवायला गेलं की खाली गळतं. पातं आत आहे हे विसरून कुणी सुरी चालवली तर होणारा आवाज ऐकण्यासारखा नसतो.

यावर उपाय आहे, तो पुस्तिकेत लिहिलेलाही असतो. शेवटचं मळणं संपलं की यंत्र थांबवा, पीठ उचला, पातं काढा, गोळा सारखा करून परत ठेवा. काही यंत्रं त्यासाठी शिटीही मारतात. उपाय चालतो. पण ती शिटी वाजते तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. रात्रीचा टायमर लावला असेल तर ती वेळ पहाटेची येते, दिवसा लावला तर तुम्ही बाहेर असता. म्हणजे ‘टाका आणि विसरा’ म्हणून घेतलेलं यंत्र मला त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ओट्यापाशी उभं करतं, तेही बोटांना चिकटणाऱ्या पिठात हात घालायला. बरं, एवढं करूनही दांडा असतोच, त्याचं छोटं भोक राहतंच. आपोआप आडवं पडणारं पातं असलेली यंत्रंही मिळतात. त्यांत भगदाड लहान होतं, पण बूड सपाट येत नाही.

कुणी म्हणेल, एका भोकासाठी एवढं काय? मलाही पटतं. ज्यांना भोकाचं काही वाटत नाही अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांच्याकडे यंत्र वर्षानुवर्षं आनंदाने चालू आहे. माझा मात्र दर वेळी त्या उकरण्यावर हिरमोड व्हायचा, आणि एकदा तो व्हायला लागला की बाकीची दुखणीही दिसायला लागली. यंत्रात उष्णता भांड्याच्या भोवतीने येते, वरून नाही. त्यामुळे कडा जाड आणि गडद, तर माथा फिकट. ब्रेड झाल्यावर वेळेत काढला नाही तर भांड्यातच वाफ धरून त्याच्या कडा ओलसर होतात.

चवीचाही मुद्दा आहे, पण तो मी जपून मांडतो, कारण चव माझी आहे. यंत्र सगळं तीन-चार तासांत उरकतं. तेवढ्या वेळात पीठ फुगावं म्हणून चार-पाचशे ग्रॅम पिठाला चहाचा चमचाभर इन्स्टंट यीस्ट लागतं. ब्रेड फुगतो, पण आंबण्यातून येणारी चव तयार व्हायला तेवढा वेळ कमी पडतो. ताजा असताना हे जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जाणवतं.

झाकणाच्या भांड्याची रीत घरोघरी पोचली ती 2006 मध्ये. न्यूयॉर्कमधल्या बेकरीवाल्या जिम लेही यांची कृती मार्क बिटमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या आपल्या सदरात दिली. तीन कप मैदा, चहाचा पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, तसाच सव्वा चमचा मीठ, पाणी दीड कपाहून थोडं जास्त. चमच्याने ढवळायचं आणि बारा ते अठरा तास झाकून ठेवून द्यायचं. पाव चमचा म्हणजे जेमतेम एक ग्रॅम यीस्ट, पण वेळ भरपूर असल्यामुळे तेवढं पुरतं. पिठातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाणी मिळालं की स्वतःच एकमेकांना धरू लागतात. मळल्याने हे लवकर होतं एवढंच. वर यीस्टचे बुडबुडे वाढताना ते जाळं आतून ताणत राहतात. सकाळी झाकण काढलं की पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात, भांडं तिरकं केलं की पीठ लांब धाग्यांनी कडेला लोंबतं. हे दिसलं की समजावं, झालं. घड्याळाकडे फार बघू नये. गरमीच्या दिवसांत हीच अवस्था खूप आधी येते.

मग गोळ्याला घडी घालून सैलसर गोल करायचं, ते परत फुगेपर्यंत ओव्हनमध्ये रिकामं भांडं 230 अंश सेल्सियसला अर्धा तास तापवायचं, त्यात गोळा सोडून झाकण लावायचं. पिठातलंच पाणी वाफ होऊन आत कोंडतं. त्या वाफेमुळे वरचा थर मऊ राहतो आणि ब्रेडला पूर्ण फुगायला वाव मिळतो. अर्ध्या तासाने झाकण काढायचं, की वाफ जाते आणि तोच थर कोरडा होऊन तांबूस होत तडकायला लागतो. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवलेल्या ब्रेडचं कवच बारीक करकरतं, कान जवळ नेला तर ऐकू येतं. यंत्रातल्या ब्रेडचा असा आवाज मी ऐकलेला नाही.

पण मला या रीतीत सगळ्यांत सोयीचं काय वाटत असेल तर पीठ थांबतं. यायला उशीर झाला, कंटाळा आला, बेत बदलला, तर पीठ फ्रिजमध्ये टाकायचं. दोन-तीन दिवस ते तिथे राहतं, उलट चव वाढते. यंत्राला एकदा कळ दाबली की ते तुमच्यासाठी थांबत नाही. दोन्हीकडे माझे हात प्रत्यक्ष गुंततात तो वेळ, वजन करण्यापासून धुण्यापर्यंत, मला जवळपास सारखाच वाटतो. भांड्याच्या रीतीत तो वेळ कधी द्यायचा ते मी ठरवतो.

या रीतीचे तोटेही आहेत, आणि काहींसाठी ते निर्णायक ठरतील. तापलेलं भांडं जड असतं, त्यात ओलं पीठ सोडताना मनगट कडेला लागतं. पीठ बेकिंग पेपरवर ठेवून कागदासकट आत सोडलं तर हा धोका बराच कमी होतो, फक्त कागद किती अंशांपर्यंत चालतो ते वेष्टनावर बघून घ्यावं. कवच टणक असतं, ज्यांना चावायला त्रास होतो त्यांना ते आवडत नाही. गोल ब्रेडच्या स्लाइस एकसारख्या येत नाहीत. ओव्हन लहान असेल तर भांडं आत गेल्यावर वर झाकणासाठी जागा उरते का, हे टेप लावून मोजा. आणि हातात चार तास असताना आज संध्याकाळीच ब्रेड हवा असं ठरलं तर ही रीत उपयोगाची नाही, यंत्र आहे.

गव्हाच्या पिठाचा ब्रेड दोन्हीकडे मैद्यापेक्षा बसकाच होतो, कारण कोंड्याचे कण ग्लुटेनचं जाळं कापतात आणि पाणीही जास्त पितात. पाणी वाढवलं आणि निम्मा मैदा ठेवला तर दोन्हीकडे बरा होतो, तिथे मी कुणाला झुकतं माप देणार नाही.

तेव्हा घरात रोज मऊ स्लाइसचा ब्रेड लागत असेल, लहान मुलं असतील किंवा ओव्हनच नसेल, तर यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. घेताना पातं आडवं पडणारं आहे का आणि नुसतं पीठ मळून देण्याची सोय आहे का, एवढं बघा. ती दुसरी सोय महत्त्वाची, कारण बरेच जण काही महिन्यांनी यंत्रात फक्त मळतात आणि भाजतात ओव्हनमध्ये. माझं यंत्रही लोणी-अंड्याचा ब्रेड करायचा असला की फडताळातून त्याच कामाला निघतं. मळून झाल्यावर पीठ साच्यात जातं, त्यामुळे पात्याचा प्रश्न उरत नाही.

आणि ओव्हन आधीच असेल, रात्री दोन मिनिटं ढवळायची तयारी असेल, तर यंत्राचे पैसे तूर्त बाजूला ठेवून चांगलं जड भांडं आणि वजनकाटा घेऊन बघा. भांडं बघताना झाकणाची मूठ तपासा. प्लास्टिकची मूठ 230 अंशांना टिकेल याची खात्री नसते. ती स्क्रूने बसवलेली असेल तर काढून धातूची लावता येते.