सुसाइड स्क्वॉड की थंडरबोल्ट्स? सुटे अंक जमवायला घेण्याआधी

तुरुंगातल्या खलनायकांना सरकारने कामाला लावायचं, बदल्यात शिक्षेत सूट द्यायची आणि उघडपणे करता न येणारी कामं त्यांच्या गळ्यात मारायची. या कल्पनेवरचे दोन अमेरिकी कॉमिक संच सुट्या अंकांत जमवण्याजोगे आहेत: डीसी या प्रकाशकाचा १९८७ ते १९९२ दरम्यानचा ‘सुसाइड स्क्वॉड’ आणि मार्व्हलचा २००७-०८ मधला ‘थंडरबोल्ट्स’, त्याच्या शेपटाला ‘डार्क अ‍ॅव्हेंजर्स’. दोन्ही एकदम सुरू केले की सहसा दोन्ही अर्धवट राहतात.

सुटे अंकच हवे असतील तर स्क्वॉड घ्यावा. कारण साधं आहे: ६६ अंक, एकच क्रमांकन आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सूत्रं जॉन ऑस्ट्रँडरच्या हातात, पुढे किम येल सहलेखिका म्हणून आली. अमुक अंक कुठल्या मालिकेतला, हे शोधत बसावं लागत नाही. शिवाय इथे पात्रं खरोखर मरतात, आणि त्याची चुणूक लवकर मिळते. नवव्या अंकात स्लिपनॉट हा खलनायक पळू नये म्हणून हातात घातलेल्या स्फोटक कड्याची परीक्षा बघायला जातो आणि हात गमावून बसतो. २२व्या अंकात पथकाचा म्होरक्या रिक फ्लॅग याला कसंही करून रोखण्याचा आदेश नेमबाज डेडशॉट अक्षरशः पाळतो: फ्लॅगला सिनेटरचा खून करता येऊ नये म्हणून तो स्वतःच सिनेटरला गोळी घालतो. सरकारी आदेशाची इतकी काळी थट्टा या प्रकारात क्वचितच सापडेल.

थंडरबोल्ट्सचा वाचण्यालायक काळा भाग छोटा आहे: वॉरन एलिस आणि माइक डिओडाटो यांचे ११० ते १२१, म्हणजे बारा अंक. स्पायडरमॅनचा वैरी नॉर्मन ऑसबॉर्न सरकारी संचालक, हाताखाली बुल्सआय आणि व्हेनमसारखे खलनायक, आणि काम नोंदणी न केलेल्या सुपरहिरोंना पकडायचं. कमी जागा, कमी शोधाशोध. पण बारा अंकांवर थांबायचा निर्धार हवा, कारण पुढे क्रमांकांचा घोळ आहे. मूळ मालिका ८१व्या अंकावर थांबली, मग ‘न्यू थंडरबोल्ट्स’चे १ ते १८ निघाले आणि पुढचा अंक थेट १०० क्रमांकाने आला. म्हणजे ८२ ते ९९ नावाचे अंक नाहीतच. यादीत ते रिकामे दिसले म्हणून शोधू नका. १७५व्या अंकापासून याच मालिकेचं नाव ‘डार्क अ‍ॅव्हेंजर्स’ झालं आणि ती १९०वर संपली. त्यामुळे २००९-१० च्या ‘डार्क अ‍ॅव्हेंजर्स’चे १ ते १६ आणि हे १७५ ते १९० एकाच नावाखाली विकायला येतात. मधले दीडशेहून जास्त अंक हरवलेले नाहीत, मालिकाच वेगळी आहे. त्यातही १ ते १६ चा शेवट ‘सीज’ या चार अंकी मालिकेशी बांधलेला आहे. ती नसेल तर शेवटचे अंक अधांतरी वाटतात.

स्क्वॉडमध्येही अशी एक अडचण आहे, पण एकच मोठी. २७ ते ३० हे अंक ‘जॅनस डिरेक्टिव्ह’ या अकरा भागांच्या कथेतले आहेत. उरलेले सात भाग ‘चेकमेट’ १५ ते १८, ‘मॅनहंटर’ १४, ‘फायरस्टॉर्म’ ८६ आणि ‘कॅप्टन अ‍ॅटम’ ३० मध्ये विखुरले आहेत. हे सात सहसा कुणी की इश्यू, म्हणजे संग्राहकांच्या लेखी महत्त्वाचे अंक, म्हणून धरत नाही, म्हणून लॉटमधून, म्हणजे एकगठ्ठा विक्रीतून, उचलावेत. १३व्या अंकाची कथा ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’शी जोडलेली आहे, म्हणून त्यासोबत तिचा १३वाच अंक हवा. या रूपातलं पथक पहिल्यांदा दिसतं ते मात्र ‘लेजेंड्स’ ३ मध्ये आणि ते चालवणारी अमांडा वॉलर त्याच मालिकेच्या पहिल्या अंकात.

खिसा रिकामा होतो तो २३व्या अंकावर. ओरॅकल या संगणकतज्ज्ञ पात्राचं पहिलं दर्शन म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात, आणि दर्शन म्हणजे काय, तर संगणकावरचा संदेश. ती बार्बरा गॉर्डन, म्हणजे पूर्वीची बॅटगर्ल, आहे हे उघड होतं ३८व्या अंकात. वाचण्यासाठी घेत असाल तर २३ची मध्यम प्रत पुरे. चांगल्या प्रतीवर खर्च करायचाच तर विक्रेत्याकडून मागचं कव्हर, दोन्ही स्टेपल आणि मधल्या पानाचे फोटो मागवा. मधलं पान एका स्टेपलमधून सुटलेलं असलं तरी पुढून अंक झकास दिसतो.

कागदाचा फरक निर्णयात धरायलाच हवा. १९८७चा स्क्वॉड न्यूजप्रिंटवर आहे. लिग्निनमुळे कडा आधी पिवळ्या पडतात, ऊन आणि उष्णता लागली की भराभर. त्याला अंकामागे ठेवायचा आम्लमुक्त पुठ्ठ्याचा बोर्ड, आडोशाची कोरडी जागा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के. २००७चे अंक चकचकीत कागदाचे. ते सहसा पिवळे पडत नाहीत, पण दमटपणात पानं चिकटतात, लहरी येतात. त्यातून कव्हरं गडद, त्यामुळे कण्याजवळची बारीकशी घडी पांढरी रेघ होऊन डोळ्यांत भरते. मार्व्हलचे हे अंक हाताळायला नखरेल आहेत, स्क्वॉड त्या मानाने सोशिक.

अंकाच्या प्लास्टिक बॅगचा टेप झाकणावर उघडा ठेवू नका: अंक ओढून काढताना तोच कव्हरला चिकटतो आणि छापील थर घेऊन निघतो. टेप बॅगच्या पाठीमागे लावा, काढताना आधी पूर्ण सोलून टाका. अंक उभे ठेवा, आडव्या गठ्ठ्याने कणा वळतो. शॉर्ट बॉक्समध्ये, म्हणजे कॉमिक ठेवायच्या आखूड खोक्यात, बॅग-बोर्डसह साधारण १५० अंक मावतात, म्हणजे स्क्वॉडचा पूर्ण संच जोडअंकांसह निम्म्यात बसतो. उरलेल्या जागेत रिकामे बोर्ड किंवा ठोकळा घाला, नाहीतर अंक कलून वाकतात.

‘डार्क अ‍ॅव्हेंजर्स’ १ घेताना बारकोडच्या शेजारचे पाच आकडे वाचा: पहिले तीन अंकाचा क्रमांक, चौथा कव्हरचा प्रकार, पाचवा मुद्रणाचा. ००१११ म्हणजे पहिलं मुद्रण, ००११२ म्हणजे दुसरं. १९८७च्या स्क्वॉडला ही सोय नाही. तिथे बारकोड असलेली प्रत न्यूजस्टँडची, आणि त्या चौकटीत बारकोडऐवजी दुसरं काही छापलेलं असेल तर ती कॉमिक दुकानासाठीची.

नुसती गोष्टच वाचायची असेल तर सुट्यांच्या नादी लागू नका. स्क्वॉडचे ६६ अंक आठ खंडांत आले आहेत, एलिसचे बारा दोन खंडांत. खंडांत वाचकांची पत्रं आणि त्या काळच्या जाहिराती मिळत नाहीत, एवढंच.

२०११, २०१६, २०१९ आणि २०२१ मध्येही ‘सुसाइड स्क्वॉड’ १ नव्याने निघाला. मागणी नोंदवताना क्रमांकासोबत साल लिहिलं नाही, तर घरी भलताच पहिला अंक येतो.