भुसावळ–बांभोरी खासगी बस : चार महिन्यांचा अनुभव

भुसावळहून जळगावला अपडाऊन करणाऱ्यांचा पहिला आधार रेल्वेचा पास हाच असतो. परंतु ज्यांचे काम गिरणेपलीकडे, बांभोरीच्या विद्यापीठ परिसरात आहे, त्यांना जळगाव स्थानकावर उतरून पुन्हा रिक्षा शोधावी लागते आणि गाडीने वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो. म्हणून दोन वर्षे स्वतःची मोटार चालवून कंटाळल्यावर मी एका खासगी व्यावसायिकाच्या ३२ आसनी बसचे महिन्याचे पैसे भरले.

बसमुळे कोंडी टळत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. नशिराबाद मागे पडेपर्यंत ती सुरळीत धावते. अजिंठा चौफुलीपासून मात्र इच्छादेवी, आकाशवाणी चौक ते थेट खोटेनगरपर्यंत महामार्ग हाच शहराचा मुख्य रस्ता असल्याने एमआयडीसीचे कामगार, शाळेच्या रिक्षा आणि मालमोटारी यांची तिथे एकच दाटी होते. महामार्गाचा क्रमांक ६ चा ५३ झाला, रस्त्यावरचे हाल तेच राहिले. पाळधी–तरसोद बाह्यवळणाची आखणी लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी आहे. ज्याला आकाशवाणी चौकातच उतरायचे आहे, त्याला त्याचा काय उपयोग?

तरीही बस मला पटते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मोजणीत रस्त्यावरचा भार मोटारीचा १, दुचाकीचा ०.५ आणि बसचा ३ धरला जातो. आमच्या बसमधील ३२ जण आपापल्या दुचाकीवर निघाले, तर रस्त्यावर १६ मोटारींइतका भार पडेल. प्रत्येकाने मोटार काढली, तर ३२ मोटारींचा. शिवाय क्लच दाबून दुखणारा गुडघा चार महिन्यांत शांत झाला आहे, आणि हा लाभ कोणत्याही मोजणीत येत नाही.

सकाळी बस नाहाटा चौफुलीवर वेळेवर येते. चालक संयमी आहे, हॉर्नही बेताने वाजवतो. संध्याकाळी मात्र आसने भरेपर्यंत बस हलत नाही; मी एकदा चाळीस मिनिटे थांबलो, आणि विचारणा केल्यावर मालकाने ‘माणसे येत आहेत’ एवढेच उत्तर दिले. महिन्याचे पैसे आगाऊ घेणाऱ्याने परतीची वेळही तितक्याच काटेकोरपणे पाळली पाहिजे. बस वातानुकूलित नाही, हे मे महिन्यात विशेष जाणवते. परतताना ऊन पाठीमागून येते. तेव्हा पडदे नसलेली शेवटची रांग शक्यतो टाळावी.