नेक चिकटवलेली घ्यावी की स्क्रूची?

पहिली गिटार जुनी झाली, हात बसला, आता जन्मभराची एक इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, अशा टप्प्यावर आलेली दोन-तीन मुलं दर वर्षी गणपतीच्या आधी सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला असतो, लाकडाचा: काका, महोगनी घेऊ का अल्डर? दोन्हीकडे पैसे घालून झालेत, म्हणून जे हाताला कळलं ते लिहून ठेवतो.

तुलना दोन घाटांची आहे. एक गिब्सनच्या लेस पॉलचा, १९५२ पासून चालत आलेला: महोगनीची बॉडी, वर मॅपलचा थर, आणि महोगनीचीच नेक, म्हणजे हातात धरायचा दांडा, बॉडीत चिकटवलेली. दुसरा फेंडरचा, म्हणजे टेलिकास्टर आणि १९५४ चा स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट: ॲश किंवा अल्डरची बॉडी आणि मॅपलची नेक चार स्क्रूंनी आवळलेली. माझ्याकडच्या दोन्ही गिटार या घाटांच्या असल्या तरी कंपन्या वेगळ्या, आपल्या खिशाला परवडणाऱ्या. पुढं जे सांगतोय ते घाटाबद्दल आहे, कंपनीबद्दल नाही.

या दोन घाटांमागे दोन वेगळी डोकी आहेत. गिब्सनचं घर मूळचं मँडोलिन बनवणाऱ्यांचं. वाद्य म्हणजे सांधा दिसू नये, नेक आणि बॉडी एकजीव व्हावी, ही त्यांची धारणा. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवताही येत नव्हती. भाग झिजला की काढायचा आणि दुसरा बसवायचा, हा त्याचा विचार. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे बरेच फरक आपोआप समजतात.

आता आवाज. महोगनीची वाजवली की सूर गोल आणि भरलेला येतो, खर्जात अंग असतं. मॅपल नेकची वाजवली की प्रत्येक सुराला सुरुवातीला एक टोक असतं, कॉर्डमधल्या सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण श्रेय सगळं लाकडाला दिलं जातं, तिथं मी अडखळतो. पहिल्या घाटाची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, ६२८ मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याची ६४८. तोच सूर लांब तारेवर काढायचा तर ताण जास्त लागतो, आणि हे दोन सेंटिमीटर लाकडापेक्षा जास्त बोलतात असं माझं मत झालंय. त्यात पिकअप, म्हणजे तारेची थरथर अँपपर्यंत नेणारा भाग, एकीला दोन कॉइलचा हंबकर आणि आवाज-टोनच्या बटणांमागचे पॉट ५०० किलोओहमचे, दुसरीला सिंगल कॉइल आणि २५० चे. एवढं सगळं वेगळं असताना फरक झाडामुळे पडला, असं कसं म्हणायचं?

म्हणून एका मे महिन्यात महोगनीच्या गिटारचा ब्रिजकडचा, म्हणजे घोडीजवळचा, हंबकर काढला आणि स्क्रूवालीत बसवला. स्ट्रॅट घाटाची असली तरी तिला ब्रिजपाशी हंबकरची जागा होती. तारा नव्या, अँप तोच, पट्टीही तीच. शेजारच्या खोलीत भाच्याला बसवलं. त्याचा कान चांगला आहे, तबला शिकतो. आधी तो दर वेळी बरोबर ओळखायचा, पिकअप बदलल्यावर चुकायला लागला. अगदीच सारखं झालं असं नाही. सुराचं टोक मॅपलच्या नेकमध्ये राहिलंच, ते मला बोटांनाही जाणवतं. पण निम्म्याहून जास्त फरक त्या पिकअपबरोबर गेला. पन्नासच्या दशकात डॅनइलेक्ट्रोने चक्क हार्डबोर्डच्या गिटार विकल्या आणि त्या अजून लोक शोधून घेतात, हे मग पटतं. तेव्हा ॲशसाठी अडून बसू नका. अमेरिकेत किडीने ॲशची झाडं गेली आणि २०२० पासून फेंडरनंही ॲश मोजक्या मॉडेलपुरताच ठेवलाय. फ्रेटबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या पडद्यांच्या पट्टीचं म्हणाल तर शिसव आपल्याच सह्याद्रीतला, तो बोटाखाली आला की मला अजून बरं वाटतं.

लाकडाचा अभिमान मिरजेला नाही तर कुणाला असणार? तूनचं लाकूड आणि भोपळा यांवर दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथली घरं चाललीत, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्याच गल्लीत बसून पाहिलं तर कारागीर शेवटचा सगळा वेळ देतो तो जवारीला. घोडीचा माथा केसभर घासायचा, तार छेडायची, पुन्हा घासायचा. तार जिथं टेकते तिथं वाद्याचा जीव, ही त्यांची रीत. मला माझ्या गिटारचं दुखणं तिथंच कळलं.

ते दुखणं म्हणजे तिसरी तार, जी. चिकटवलेल्या नेकची गिटार मी सहा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवली. घरी सुरात लावायची, मांडवात पुन्हा तपासायची, आणि दुसऱ्या गाण्याच्या मधल्या म्युझिकमध्ये एक तार ओढून सूर चढवला की संपलं. बोट सोडलं की जी उतरलेली. फार नाही, पण कीबोर्ड शेजारी असला की तेवढंही लपत नाही. गायिका मान वळवून बघायची. मी गाणं चालू असताना खुंटी पिळायचो, तार काही क्षण हलायची नाही, मग नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, ‘टिक्’ व्हायचं आणि एकदम चढून बसायची. एकदा सांगलीतच, गौरी-गणपतीच्या दिवसांत, अख्खा सोलो मी जी तार टाळून वाजवला. घरी येऊन जेवलो नाही.

नव्या खुंट्या बसवल्या, महागाच्या. उपयोग शून्य. शेवटी मिरजेत एका सतारवाल्या चाचांना दाखवली. त्यांनी खुंटीला हात लावला नाही. नटवर नख ठेवलं, तार हळूच दाबली आणि म्हणाले, “तार हितं वळतीय बघा. सरळ जाईना, मग सुटंल कशी?” डोळा नटच्या पातळीला आणून बघितलं तर खरंच. या घाटात हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, मागं झुकलेला, मूळ आराखड्यात १७ अंशांनी, आणि खुंट्या तीन एका बाजूला तीन दुसऱ्या. डी आणि जीच्या खुंट्या सगळ्यात लांब, म्हणून त्या दोन तारा नटमधून निघाल्या की बाहेरच्या बाजूला जास्त वळतात. खाली दाब आणि शिवाय आडवं वळण, दोन्ही एकाच खाचेत. तार ओढली की पुढं सरकते, सोडली की मागं जाताना अडकते. त्यात जी जाड आणि वर गुंडाळी नसलेली. ती जरा सरकली तरी सूर लगेच हलतो. चाचांनी खाच खुंटीच्या दिशेनं वळवून घासली, पेन्सिलीचं शिसं भरलं. दोन महिने सुखाचे गेले. पावसाळा लागला, तारा बदलल्या, पुन्हा टिक्.

फेंडरच्या घाटात सहाही खुंट्या एका रांगेत, हेडस्टॉक सपाट, तार नटमधून सरळ खुंटीवर. गिटार बदलल्यावर पहिल्याच कार्यक्रमात मी तीन तास जीकडे बघितलं नाही. इतकं साधं सुख त्याआधी मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. मांडवातली लाइटिंग, डिमर आणि कुठूनही ओढलेली वायर असली की सिंगल कॉइल घूं करत राहते, हंबकर गप्प असतो. म्हणून मी ब्रिजला हंबकर असलेलीच घेतली. माझ्या मॅपल नेकवर जी तारेच्या पाचव्या-सहाव्या फ्रेटला एक सूर लवकर मरतो, महोगनीवर तसं होत नाही. संथ गाणं, नेक पिकअप, लांब धरलेला सूर, हे तुमचं वाजवणं असेल आणि तारा फार ओढत नसाल, तर चिकटवलेली नेक तुम्हाला कदाचित जास्त आवडेल. वजन तेवढं खांद्यावर घेऊन बघा.

मात्र इथं राहून वाजवायचं असेल तर हवेचा विचार करा. एप्रिलमध्ये फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं हाताला लागतात. आषाढात लाकूड फुगतं, नेक हलते, तारांची उंची बदलते. नेकच्या आतल्या ट्रस रॉडनं, म्हणजे पिळून बाक सुधारायच्या सळईनं, बरंच सावरतं. पण नेकचा कोनच बिघडला तर स्क्रूवालीला चार स्क्रू सैल करून खाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवता येतो. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्ध्या तासात केलंय. चिकटवलेली नेक वाफेनं सोडवावी लागते, आणि ते काम करणारा मला सांगली-मिरजेत अजून भेटलेला नाही.

दुकानात गेलात की लाकडाचं नाव विचारायच्या आधी जी तार सातव्या फ्रेटवर पूर्ण एक सूर वर ओढा, सोडा आणि मोकळी वाजवून ऐका. तीन वेळा करा. माझी महोगनी विकलेली नाही. रात्री जेवणानंतर अँप न लावता ती मांडीवर घेतो, आणि तार ओढत नाही.